२८ खणांचा गोळ्यांचा डबा: साडेपाच महिने वापरून

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड कशाकशाचा ते पुढं येईलच. हा डबा घेऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही, माझ्याकडं आज असे दोन आहेत.

पहिला घेतला पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात, कोल्हापुरातल्या सीपीआर दवाखान्याजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून. छापील किंमत ४९९, मला ३२० ला दिला. दुकानदाराची जुनी ओळख नाही. पण माझ्यापुढं उभ्या असलेल्या माणसानं नुसतं "इन्शुलिनची सुई द्या" म्हटलं, तेव्हा त्यानं जे विचारलं त्यावर मी खूश झाले. "बाटलीचं घेतायसा का पेनचं? आणि बाटलीवर चाळीस लिवलंय का शंभर?" हा प्रश्न काउंटरवर किती जण विचारतात? आपल्याकडं इन्शुलिनची बाटली बहुतेक एका मिलीला ४० युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधली कार्ट्रिज मात्र एका मिलीला १०० युनिटची. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात ५० युनिट. घामानं निथळत, जीभ जड झालेला असा माणूस मी वॉर्डात बघितलाय. तेव्हा दुकानाला पाचपैकी पाच. बाकीचं बोलायचं ते डब्याबद्दल.

मी कोण बोलणारी, तेही सांगते. ३३ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, त्यातली शेवटची नऊ इनचार्ज म्हणून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. घर शिवाजी पेठेत. घरात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८४. आणि आमचे हे, केएमटीतनं, म्हणजे शहर बससेवेतनं निवृत्त, २०१६ साली हृदयाची झडप बदललेली, वर साखर. दोघांच्या मिळून दिवसाला १७ गोळ्या. वॉर्डात तीस-तीस पेशंटची औषधं ट्रेमध्ये लावणारी बाई मी, घरातल्या दोघांना डबा कशाला लागतो, असं मलाही वाटायचं. पण वॉर्डात ड्यूटी आठ तासांची असते आणि पुढं कुणीतरी ओव्हर, म्हणजे कामाचा ताबा, घ्यायला येतं. घरी ओव्हर घ्यायला कुणी येत नाही. लेकीकडं पुण्याला चार दिवस जायचं म्हटलं की मला फळ्यावर अर्धं पान लिहून जावं लागायचं, आणि तरी रात्री नऊला फोन: "अगं, ती पांढरी लांबुडकी जेवायच्या आधी का नंतर?"

डबा दिसायला बरा आहे. सात सुट्या डब्या एका तबकात बसतात, प्रत्येक डबीला चार झाकणं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. एकच डबी खिशात घालून लग्नाला जाता येतं, ही सोय मोठी आहे. एका खणात कॅल्शियमची ती भलीमोठी गोळी धरून सहा गोळ्या मावतात. प्लास्टिक जाड आहे, नातवानं दोनदा पाडला तरी चीर गेली नाही. झाकणं मात्र पहिल्यांदा एवढी घट्ट होती की आत्तींच्या वाकड्या झालेल्या बोटांना ती उघडेनात. त्या चमच्याचा दांडा घालून उघडायच्या आणि गोळ्या उडून फ्रिजखाली जायच्या. आता सैल झालीत. म्हणजे आत्तींना उघडतात, आणि तीन वर्षांच्या नातवालाही उघडतात. त्यामुळं डबा देव्हाऱ्यावरच्या फळीवर गेला.

पहिला अर्धा तारा गेला तो अक्षरांवर. डब्यांवर वारांची फक्त इंग्रजी आद्याक्षरं आहेत. मंगळवारही 'टी', गुरुवारही 'टी'. शनिवार 'एस', रविवार 'एस'. हे ज्यानं काढलं त्यानं आयुष्यात कुणाला औषध दिलेलं नाही. आमच्या धंद्यात यालाच मरतो आम्ही, दिसायला सारखं आणि ऐकायला सारखं. डोपामाइन आणि डोब्युटामाइन कपाटात शेजारी ठेवायचे नाहीत असं आम्ही नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात सांगतो, आणि इथं आठवड्यातले दोन वार एकाच नावाचे! मी मार्करनं सो, मं, बु, गु लिहिलं, ते एका धुण्यात गेलं. मग नेलपॉलिशनं लिहिलं, ते अजून टिकलंय. आत्तींना वाचता येत नाही, म्हणून झाकणांवर चित्रं: सूर्य, भाकरी, दिवा, चंद्र. भाकरीचं चित्र नुसता गोल आहे, सूर्यही गोलच. आत्ती म्हणाल्या, "किरणं काढ की गं त्याला." काढली.

दुसरी अडचण आपल्या औषधांच्या वेळांची. चिठ्ठीवर डॉक्टर १-०-१ लिहितात आणि शेजारी जेवणाआधी किंवा जेवणानंतर. डब्याला सकाळ एकच. आत्तींची थायरॉइडची गोळी अनशा पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. तिच्यानंतर कॅल्शियम चार तास तरी नको, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. आणि आत्तींना पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं म्हशीचं दूध आणून द्यायची ह्यांची जुनी हौस. गोळी आणि दूध बरोबरच जायचं, आणि रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढतो तो आकडा, काही खाली येईना. आता थायरॉइडची बाटली दात घासायच्या ब्रशशेजारी उभी असते, डब्यात नाही. ह्यांची साखरेची ग्लिमेपिराइड न्याहारीच्या तोंडावर, मेटफॉर्मिन खाल्ल्यावर. दोन्ही एकाच सूर्याखाली. चार खणांऐवजी पाच करायला कंपनीला काय जड होतं?

आणि डब्याला माणसाचं पोट दिसत नाही. आषाढी एकादशीला हे नंदवाळच्या दिंडीत निघाले. पहाटे उठले, अंघोळ केली, डबा उघडला, सकाळचा खण रिकामा केला आणि नुसत्या पाण्यावर चालायला लागले. पुईखडीच्या चढाला दरदरून घाम, हातपाय कापायला लागले. सोबतच्यानं फोन लावून दिला, मी म्हटलं टपरीवरनं तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटं बसवा आणि तरीही तसंच वाटलं तर पुन्हा तेवढीच द्या, मागोमाग काहीतरी खायला. पंधरा मिनिटांत माणूस बोलायला लागला. घरी आल्यावर मी विचारलं, उपास होता तर गोळी का घेतलीत? म्हणाले, "डब्यात होती की." हे उत्तर मी अजून विसरलेली नाही. चिठ्ठी वाचून गोळी काढणारा माणूस निदान एकदा विचार करतो. भरून ठेवलेला खण विचार करू देत नाही.

पावसाळ्यात तिसरी गोष्ट कळली. जूनच्या शेवटी आठ दिवस ऊन नव्हतं, पंचगंगेचं पाणी वर चढत होतं, घरात मीठसुद्धा पाणी सोडत होतं. शुक्रवारचा खण उघडला तर आत्तींची रक्तदाबाची टेल्मिसार्टन फुगून मऊ झालेली, बोटाला पीठ लागलं. चूक माझीच. ही गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. ती घ्यायच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवायची असते. मी डब्याच्या नादात सात दिवसांच्या सात गोळ्या फॉइलमधनं काढून ठेवल्या होत्या. फिटच्या औषधातली सोडियम व्हॅल्प्रोएट अशीच. रक्त पातळ ठेवणारी डॅबिगाट्रानची कॅप्सूल तर मूळ पॅकिंगमधून आधी काढायचीच नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन असेल तर तीही तिच्या काचेच्या बाटलीतच, प्लास्टिकमध्ये तिचा जोर उडून जातो. यातलं एक अक्षर डब्याच्या खोक्यावर छापलेलं नाही. तिथं छापलाय हसणारा म्हातारा आणि म्हातारी, दोघांचे दात शाबूत.

मग टेल्मिसार्टनचं काय करायचं? फॉइलसकट एकेक चौकोन कापून खणात टाकावा, तर म्हाताऱ्या माणसानं तो तसाच गिळायची भीती. फॉइलचे कोपरे अन्ननलिका फाडू शकतात, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मी त्या जागी एक चिंचोका ठेवला, खूण म्हणून: चिंचोका दिसला की पट्टीतनं गोळी काढायची. पहिल्याच दिवशी आत्तींनी तो तळहातावर घेऊन विचारलं, "ह्यो बी गिळायचा व्हय?" चिंचोका गेला, लाल घोटीव कागदाचा तुकडा आला.

एवढी कागाळी केल्यावर डबा जिथं खरंच उपयोगी पडतो तेही सांगायला हवं, नाहीतर साडेतीन तारे कशाचे? ह्यांना हृदयासाठी डिगॉक्सिन आहे, आठवड्यातले पाचच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. आपल्याकडं अशी पद्धत बऱ्याच डॉक्टरांची आहे. पट्टीतनं घेताना शनिवार हमखास विसरला जायचा. डब्यात शनिवारचा खण बोलतो. तशीच रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रॉम. ती एक दिवस दोन मिलिग्रॅम, एक दिवस तीन, आलटून पालटून होती. पण आठवड्याचे दिवस सात, विषम. म्हणजे या सोमवारी दोन, तर पुढच्या सोमवारी तीन. डबा भरायला बसल्यावरच हे माझ्या ध्यानात आलं, आठ वर्षं उगाच कॅलेंडरवर फुल्या मारत बसले होते. डॉक्टरांना विचारलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार तीन आणि बाकी दिवस दोन असं पक्कं करून देता का? त्यांनी हिशेब केला, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, बघितला आणि करून दिलं. हा डब्याचा सगळ्यात मोठा उपकार. डिगॉक्सिनच्या आधी स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचं काम माझ्याकडंच आहे, साठच्या खाली आले तर गोळी हातात धरून आधी डॉक्टरांना फोन. ह्यांचे ठोके अनियमित, मनगटाची नाडी त्यातले काही गाळते, म्हणून कान छातीवरच.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

आत्तींना आमवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री जेवल्यावर: अडीच मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. उरलेले सहा दिवस फॉलिक ॲसिड, रात्री एक. ज्यांच्या घरात हे औषध आहे त्यांनी हे दोन वेळा वाचावं. मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्याचं औषध आहे. चुकून रोज गेलं तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी उतरतात, माणूस जातो. रोज थोडं थोडं जाणं हे आठवड्यातून एकदम जाण्यापेक्षा जास्त विषारी. जगभर या एका चुकीनं माणसं दगावलेली आहेत आणि प्रत्येक नर्सिंग कॉलेजात ती शिकवतात. मीही शिकवलीय, खडू घेऊन, फळ्यावर 'रोज' लिहून त्यावर फुली मारून.

आमच्याकडं दोन्ही गोळ्या पिवळ्या. दोन्ही बारीक, गोल. आणि बाजारात दोन्हींचे खपाचे ब्रँडही 'फॉल-फोल' असेच सुरू होतात.

मे महिन्यातला रविवार, लग्नसराई. सकाळी डबा भरायला बसले. पाहुणे येणार म्हणून घाई होती, तेव्हा मी काय केलं, दोन्ही पट्ट्या फोडून गोळ्या आधी दोन वाट्यांत काढून घेतल्या आणि रिकाम्या पट्ट्या केरात टाकल्या. एवढ्यात दारावर पत्रिका द्यायला कागलचे पाहुणे. उठले. चहा झाला, हळदी-कुंकू झालं. कामाला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, टेबल पुसून घेतो," आणि तिनं वाट्या उचलून ओट्यावर ठेवल्या, पुसून झाल्यावर परत आणून ठेवल्या. तिची काडीची चूक नाही. मी परत बसले आणि उजवीकडची वाटी मेथोट्रेक्सेटची धरून भरत गेले.

रविवारी रात्री आत्तींनी चार गोळ्या घेतल्या. सोमवारी सकाळी नेहमी त्या चहासुद्धा बाजूला सारतात, "पोटात ढवळतंय" म्हणून भिंतीला टेकून बसतात; हे औषध तसं करतंच. त्या सोमवारी त्यांनी बाजरीची भाकरी आणि वांगं खाल्लं आणि ताट पुढं केलं. "आज तोंडाला चव हाय गं. दे की आणि अर्धी."

मला आनंद झाला. दोन मिनिटं झाला. तिसऱ्या मिनिटाला भाकरी तव्यावर तशीच ठेवून मी डबा खाली काढला. केरातनं पट्ट्या काढल्या, नशीब घंटागाडी यायची होती. नवी पट्टी फोडून भिंगाखाली एकेक गोळी ताडून बघितली. रविवारी गेल्या होत्या चार फॉलिक ॲसिड. आणि सोमवार ते शनिवार, रोज रात्रीच्या चंद्राखाली, एकेक मेथोट्रेक्सेट बसलं होतं.

त्यातली एकही गोळी पोटात गेली नव्हती. सोमवारची रात्र व्हायची होती. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं दोन दिवसांच्या आत कळलंय, आज रात्री खरी मात्रा द्या आणि पुढची पुन्हा रविवारीच. आवाज त्यांचा शांत होता. माझे हात दुपारपर्यंत कापत होते.

वॉर्डात आम्ही औषध तीन वेळा वाचतो: कपाटातनं काढताना, कपात घेताना, परत ठेवताना. आणि चौथ्यांदा पेशंटच्या उशाशी केसपेपरशी ताडून. माझ्या हातून ३३ वर्षांत चुका झाल्या नाहीत असं नाही, पण त्या बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वाचनात सापडल्या. डब्यात वाचन एकदाच, भरताना. त्यानंतर सात दिवस, २८ वेळा, कुणीही कसलंही नाव वाचत नाही, कारण वाचायला नावच नाही. वॉर्डात माझी चूक एका वेळेची झाली असती. डब्यात ती सहा दिवसांची होऊन रांगेत बसली होती, झाकण लावून. एक पूर्ण तारा मी इथं कापते. खरंतर तो डब्याचा नाही, माझा आहे. पण खोक्यावर 'चुका टाळा' असं मोठ्या अक्षरात छापलंय, म्हणून डब्याचाच कापते.

वॉर्डात औषध देणाऱ्या सिस्टरशी राउंड संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम मीच लावला होता. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिवस. २०२२ साली त्याचा विषयच औषधसुरक्षा होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेतले तीन शब्द, जाणा, तपासा, विचारा, आम्ही भिंतीवर लावले, पोरींनी कॅप्सूलची रांगोळी काढली, मी बक्षीस दिलं. आणि घरी पाहुण्यांच्या चहासाठी उठले.

त्या सोमवारनंतर मेथोट्रेक्सेट डब्यात जात नाही. त्याची वेगळी पत्र्याची डबी, पट्टीसकट, कपाटात वरच्या कप्प्यात. तसंही ते पेशींवर मारा करणारं औषध, त्याची पूड डब्याच्या खणात राहायला नको. आमच्या सूनबाईंना आता सहावा महिना आहे, त्यांनी त्या गोळीला हात लावायचा नाही आणि मीही बोटानं न धरता झाकणात पाडून देते. बाकीचं भरताना पट्टीतनं गोळी थेट खणात, मधे वाटी नाही. एका पट्टीचे सातही दिवस झाले की मगच दुसरी पट्टी उचलायची. रिकामी पट्टी पुढच्या रविवारपर्यंत केरात जात नाही. आणि दुकानात पट्टी कापून देत असतील तर नाव आणि मुदतीची तारीख आपल्या तुकड्यावर आली पाहिजे, हे मी काउंटरवर उभी राहून बघते. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

दुसरा डबा ह्यांचा. आधी दोघांचं एकाच डब्यात करत होते, आत्तींचं वरच्या अंगाला, ह्यांचं खाली. कसली अक्कल म्हणायची ही! कोल्हापूरच्या कुठल्याही वॉर्डात "पाटील" म्हणून हाक मारा, अर्धा वॉर्ड उठून बसतो. म्हणून आम्ही "तुम्हीच पाटील ना?" असं कधी विचारत नाही, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "नाव काय तुमचं? गाव कुठलं?" असं विचारायचं आणि त्याच्या तोंडनं वदवून घ्यायचं. घरात आडनाव एकच, डबा एकच, मग घोळ व्हायला काय लागतं? दुकानात दुसरा रंग नव्हता. ह्यांच्या तबकाला काळा गोफ बांधलाय.

डब्यासोबत गोळी अर्धी करायचं ब्लेड मिळतं. दुसऱ्या महिन्यात सैल झालं, गोळीचे तीन तुकडे करायला लागलं. सुरी बरी. फक्त पोटासाठीची पँटोप्राझोल किंवा आवरण घातलेली कुठलीही गोळी कापू नका. लांबवर परिणाम करणाऱ्या गोळीवर मधे खाच असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच अर्धी करायची, ह्यांची मेटोप्रोलॉल तशी आहे. पण तीही कुटायची नाही.

आणि रिकामा खण म्हणजे गोळी पोटात गेली असं समजू नका. जुलैत तुळशीला पाणी घालताना मातीत पांढरं काहीतरी दिसलं. उकरलं तर कॅल्शियम, अकरा गोळ्या. "आत्ती, घेतलासा का गोळी?" म्हटलं की त्या रोज उघडा खण दाखवायच्या. विचारल्यावर म्हणाल्या, "लई मोठी हाय ती, घशात बसती. तुळशीला बी हाडं असत्यात की." आता चघळायची गोळी आणलीय आणि मी समोर बसून राहते. वॉर्डातही पेशंटनं गिळेपर्यंत हलायचं नाही आणि सही गिळल्यावर करायची, आधी नाही.

गेल्या आठवड्यात शेजारणीसाठी तिसरा डबा आणायला त्याच दुकानात गेले. दुकानदाराला दोन 'टी' आणि दोन 'एस' दाखवले, माझी नेलपॉलिश दाखवली, मेथोट्रेक्सेटचं सगळं सांगितलं. त्यानं गिऱ्हाईक थांबवून ऐकलं. म्हणाला, "बाई, मराठी वारांचे आणि चित्रांचे स्टिकर मी छापून घेतो, डब्यासंगं फुकट देतो. पण ही आठवड्याची गोळी, हिच्या डबीवर काय चित्र काढायचं ते तुम्ही सांगा." मला काही सुचेना. कवटी काढली तर माणूस औषधच घेणार नाही.

घरी येऊन आत्तींना विचारलं. त्या तरुणपणी दर रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला चालत जायच्या. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "बाजाराची पिशवी काढ. ती काय रोज उचलत न्हाई कुणी."

काल स्टिकरचा नमुना आला. पिशवी लाल आहे, वर कोथिंबिरीची जुडी डोकावतेय.